काळ्या तुकड्यातले खिळे

माझा भाऊ क्लाइव्ह काळजी करायलाच जन्माला आलाय. आई सांगायची, पाळण्यात झोपला तरी मूठ वळलेली आणि कपाळाला आठी. आता सदुसष्टी उलटली, पण आठी काही गेली नाही. बाहेर पडताना गॅस दोनदा बघणार, कुलूप ओढून बघणार, आणि गाडीत बसल्यावर मला विचारणार, "मॉरीन, मागचं दार लावलंस ना?" मी म्हणते, "नाही, सताड उघडं ठेवलंय, चोरांनो या म्हणून पाटी लावलीय." तर हा खरंच उतरतो आणि बघून येतो.

नोकरी हयातभर एकच, शेतांमधले चर उपसायचं यंत्र चालवायची. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणे, "बायको आली असती तर तिचीही काळजी करावी लागली असती." माझा नवरा रॉन गेला तेव्हा मी क्लाइव्हकडे राहायला आले, ती राहिलेच. मी अजून गावच्या मासे-चिप्सच्या दुकानात तळणीपाशी उभी राहते, तो घर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर मी रेडिएटरवर मोजे वाळत घालायला जावं आणि तिथे आधीच कुणा मेलेल्या सैनिकाची बटणं, शिशाच्या गोळ्या आणि घोड्याच्या साजाचे तुकडे मांडलेले असावेत. "हात लावू नकोस गं, वाळतायत."

त्याला नाद डिटेक्टरचा, जमिनीतला धातू हुडकणाऱ्या यंत्राचा. कानाला यंत्र लावून शेतातून फिरायचं, ते किणकिणलं की खाली वाकायचं. तीस वर्षं झाली. सोन्याचा हंडा वगैरे कधी सापडला नाही, आणि सापडला असता तर बिचारा झोपलाच नसता. पण शेतात पाऊल टाकायला मालकाची परवानगी लागते, आणि ती आमच्याकडे कागदावर मिळत नाही, फाटकापाशी हात मिळवून मिळते. म्हाताऱ्या एल्व्हिजने त्याला तशी दिली होती. "फाटक लावायचं, खड्डे बुजवायचे, आणि काय सापडेल ते आधी मला दाखवायचं." क्लाइव्ह गंजलेलं बटणसुद्धा त्याला दाखवून आणायचा. म्हातारा गेला, मुलगी जोआना शेती बघायला लागली, तेव्हा तीही म्हणाली, "बाबांचं चालत होतं तसंच चालू द्या."

बाकीच्या शेतकऱ्यांनी केव्हाच फाटकं बंद केली होती. त्याला कारण रातचोर. परवानगी नाही, लाज नाही, अंधारात डिटेक्टर घेऊन येतात, शेताची चाळण करतात आणि जे मिळेल ते विकून टाकतात. त्यांच्या पापाची शिक्षा क्लाइव्हसारख्यांना. म्हणजे हिशोब असा, की साऱ्या जगात माझ्या भावासाठी एकच फाटक उघडं होतं, एल्व्हिजचं. ते बंद झालं असतं तर तो खुर्चीत बसून बसून वाळला असता. हे मला माहीत होतं, आणि त्याला तर माझ्याहून जास्त.

त्या वर्षी उन्हाळ्यात नेहमीचा पाऊस पडलाच नाही. एके दिवशी मी दुकानातून आले, अंगाला तेलाचा वास, ॲप्रनसुद्धा काढला नव्हता, आणि क्लाइव्हने मला दारातूनच गाडीत घातलं. टेकडीवरच्या रस्त्याला नेऊन उभं केलं. समोर खाली एल्व्हिजचं शेत, काळा तुकडा नावाचं. आजूबाजूची सगळी जमीन चुनखडीची, फिकी, आणि या एका शेताचा ओढ्याकडचा कोपरा तेवढा काळा. का काळा ते कुणी कधी विचारलं नव्हतं. नाव होतं, झालं.

"काय दिसतंय?" क्लाइव्हने विचारलं.

"जव."

"नीट बघ."

"पिवळे जव. आणि माझे पाय दुखतायत."

"अगं, पिवळ्यात हिरवं कुठे आहे ते बघ ना!"

मग दिसलं. उभं पीक करपून पिवळं पडलेलं, आणि त्यात हिरव्या रेघा. एक मोठा चौकोन, कोपरे गोल. त्याच्या आत लहान लहान चौकोन, आणि दोन रेघा शेजारीशेजारी ओढ्याकडे उतरत गेलेल्या. कुणी खडूने आखावं तशा सरळ. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"खाली कुणीतरी चर खणले होते," तो हळू आवाजात म्हणाला, जसं काही जव ऐकत होते. "ते बुजले, पण तिथली माती खोल आहे, ओल धरून राहते. म्हणून तेवढं पीक हिरवं. मी आयुष्यभर चरच उपसले ना. घरं होती इथे, मॉरीन. रोमन काळातली, नाहीतर त्याच्याही आधीची."

"मग आण की तुझं यंत्र! पीक निघालं की घाल आत!"

"नाही."

"नाही काय?"

"आधी बघायचं. कळायच्या आधीच उकरलं, तर कळायचं कायमचं राहून जातं."

हा त्याचा नियम. नवीन शेतात पहिल्यांदा रिकाम्या हातांनी जायचं. कापणी झाली, नांगर फिरला, आणि हा बादली घेऊन रोज काळ्या तुकड्यात मान खाली घालून चालायला लागला. डिटेक्टर घरी, खुंटीला. बिळं उकरणाऱ्या जनावरांनी कुंपणाशी वर लोटलेली मातीसुद्धा बोटांनी चाळायचा. करड्या खापऱ्या आणायचा, कौलांचे तुकडे आणायचा, आणि कालवांच्या शिंपा. समुद्र इथून केवढा लांब, आणि ती माणसं इथे बसून कालवं खात होती! मी म्हटलं, "बघ, तेव्हाही लोकांना तयार मासे लागायचे." तो हसला नाही. त्याला वेगळीच धास्ती. जुन्या काळी शेणखताच्या गाड्यांतून घरातली फुटकी भांडी शेतात जायची, तेव्हा खापरी दिसली म्हणजे वस्ती होतीच असं नाही. पण खतातली खापरी सगळीकडे सारखी विरळ असते. इथे ओढ्याकडच्या कोपऱ्यात बूट ठेवायला जागा नाही एवढी दाट, आणि वर जावं तसतशी नाहीशी. आणि माती काळी कशाने? चुलीच्या राखेने. पिढ्यान्‌पिढ्यांच्या.

इतकी खात्री झाल्यावर तो जोआनाकडे गेला. मीही गेले, कारण एकटा गेला असता तर अर्ध्या वाटेतून परत आला असता. जोआना अंगणात ट्रॅक्टरखाली आडवी होती. तिने खापऱ्या बघितल्या, हात पुसले आणि सुस्कारा सोडला.

"क्लाइव्ह, तुम्ही हे आत्ता सांगताय? वसंतात तो तुकडा मी बटाट्याला देतेय. सगळं ठरलंय."

क्लाइव्हचा चेहरा पांढराफटक पडला. बटाट्याआधी जे यंत्र जमिनीत घालतात ते नांगरासारखं वरवर जात नाही. हातभर खोल माती उचलतं, दगड वेगळे करतं, सगळी जमीन चाळून टाकतं. दोन हजार वर्षांची वस्ती एका दिवसात पीठ.

"कोपरा तेवढा सोडता नाही येणार?" त्याने विचारलं.

"कशाच्या जोरावर सोडू? तुमच्या बादलीच्या? बटाटेवाल्यांना काय सांगू, क्लाइव्हला वाटतंय म्हणून?" मग थोडी नरमली. "त्या पुरातत्त्ववाल्यांना तपासू दे. आत काहीतरी आहे असं त्यांनी मला स्पष्ट दाखवलं, तर कोपरा सोडते. शब्द देते. फेब्रुवारी संपायच्या आत."

जिल्ह्याच्या पुरातत्त्वाच्या कचेरीत टॅमसिन नावाची मुलगी आहे, क्लाइव्ह आपली बटणं तिच्याकडे नोंदवायला नेतो. तिने खापऱ्या बघितल्या आणि उडालीच. न खणता जमिनीखालचं दाखवणारं यंत्र घेऊन येते म्हणाली, पण नोव्हेंबरशिवाय जमणार नाही. तोवर कुणालाच सांगू नका. रातचोरांना वास लागला तर तपासायला काही उरणार नाही.

हे तिने क्लाइव्हला सांगायला नको होतं! झोप आधीच पाखराएवढी, ती पण उडाली. मी दुकानात काय बोलते यावर पाळत. "आज कोण कोण आलं होतं? कुणी शेताबद्दल विचारलं?" मी म्हटलं, "हो, एकाने विचारलं, त्याला कॉड मासा हवा होता." मग एके सकाळी त्याला काळ्या तुकड्याच्या फाटकाशी पांढरी व्हॅन उभी दिसली. दोन माणसं सिगारेट ओढत शेताकडे बघत होती. हा पोचेपर्यंत निघून गेली. तार दुरुस्त करणारी असतील, लघवीला थांबली असतील, देव जाणे. पण क्लाइव्हला ते पटेना. जेवणावर बसायचा आणि काट्याने मटार इकडून तिकडे लोटत राहायचा.

आणि मग त्याला ती युक्ती सुचली. युक्ती जुनीच, वैतागलेले शेतकरी करतात. शेतात लोखंडाचा चुरा टाकायचा. मग रातचोराचं यंत्र पावला-पावलाला किणकिणतं, तो वाकून वाकून कंबर मोडून घेतो आणि शिव्या देत चालता होतो. आमचे वडील छपरं शाकारायचे, त्यांचे खिळे शेडमध्ये डबे भरभरून पडले होते. क्लाइव्हने ते बादलीत ओतले. जोआनाला विचारलं नाही. "ती नको म्हणाली तर?" म्हणे. मी काय केलं? म्हटलं, "शाब्बास, आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलंस," आणि रॉनचे जुने स्क्रूही त्याच्या बादलीत उपडे केले. भल्या सकाळी धुक्यात जाऊन तो कोपऱ्यातून चालत गेला, बादली काखेत, मूठ भरून फेकत, जसं कुणी बी पेरावं. घरी आला आणि दोन अंडी खाल्ली. त्या रात्री घोरला.

नोव्हेंबरात टॅमसिन आली, बरोबर दोन पोरं आणि चाकांवरचं एक लांबलचक यंत्र. आम्ही थर्मासमधून चहा घेऊन गेलो होतो. ती पोरं फाटकाशी उभी राहून पट्टे काढत होती. पँटला सुतळ्या बांधल्या, घड्याळं काढली, बूटही रबराचे. मला हसू आवरेना. "हे काय गं टॅमसिन, तपासायला आलात की कुस्ती खेळायला?"

ती हसली. "लोखंड अंगावर चालत नाही, मॉरीनकाकू. हे यंत्र मातीतलं चुंबकपण मोजतं. चुलीची भाजलेली माती, बुजलेले चर, सगळं अगदी बारीक बारीक फरकाने दिसतं. त्यात पट्ट्याचं बक्कल आलं तर झालंच. एक खिळा जरी वरच्या मातीत असला ना, तर शेकोटी पेटल्यासारखा दिसतो. बाजूचं काही दिसतच नाही."

मी क्लाइव्हकडे बघितलं नाही. बघवलं नाही. थर्मासचं झाकण त्याच्या हातातून पडलं आणि गडगडत चरात गेलं. त्याला वाटलं होतं, ते यंत्र म्हणजे दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात तसलं काहीतरी. लोखंडाने आंधळं होतं हे त्याला कोण सांगणार? रोगापेक्षा औषध भारी म्हणतात ते हेच.

तेव्हाच बोलला असता तर! पण जोआना कुंपणाला टेकून उभी होती. तो झाकण शोधायला चरात उतरला. संध्याकाळी टॅमसिनने पडद्यावर चित्र दाखवलं. शेताचा वरचा भाग करडा, स्वच्छ. आणि कोपरा? काळे-पांढरे ठिपके, ठिपक्यांवर ठिपके, जसा देवीचे फोड आलेला माणूस.

"कुणीतरी भंगार टाकलंय," टॅमसिन हिरमुसली. "किंवा खतातून आलं असेल. यातून काहीच सांगता येणार नाही. सॉरी, जोआना."

"म्हणजे काही नाही असं धरू?"

"म्हणजे आहे असं दाखवता येत नाही."

जोआनाने खांदे उडवले. "बरं. प्रयत्न तर केला." आणि क्लाइव्हच्या पाठीवर थोपटून गेली. हे थोपटणं त्याला जास्त लागलं.

घरी आल्यावर तो कोट न काढता बसून राहिला. मी समोर खिमा-बटाट्याचा शेफर्ड्स पाय ठेवला, तो गारढोण झाला.

"मी तिला सांगतो," शेवटी म्हणाला.

"डोकं फिरलंय का? तिच्या शेतात तू बादलीभर खिळे पेरलेस! तिच्या मेंढ्या तिथून जातात, तिचे टायर फिरतात! ऐकलं तर तुला उभा करील दारात? फाटक कायमचं बंद होईल. हात दाखवून अवलक्षण कशाला करतोस?"

"नाही सांगितलं तर वस्ती जाईल."

"जाऊ दे गेली तर! दोन हजार वर्षं मेलेली माणसं ती! तू जिवंत आहेस. तुला ते एक फाटक आहे, क्लाइव्ह, दुसरं काय आहे?"

मी ओरडले ते त्याच्यावर नाही, भीतीपोटी ओरडले. तो खुर्चीत बसून वाळत जाईल आणि ते बघायला घरात मीच असेन, याची मला भीती वाटत होती. आठ-दहा दिवस असेच गेले. तो रोज टेकडीवर जाऊन बसायचा. मला वाटलं, जिरलं. आणि एका दुपारी म्हणाला, "चल, मॉरीन. एकट्याने होत नाही."

जोआना गोठ्यात मेंढ्यांचे खूर छाटत होती. एक मेंढी उलटी धरलेली, तिचा पाय हातात. क्लाइव्ह टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. खिळे, स्क्रू, धुकं, सगळं. रॉनचे स्क्रू मी घातले हेही मीच सांगितलं, सांगून टाकावं म्हटलं.

जोआनाने मेंढीचा पाय सोडला नाही. "खिळे," ती म्हणाली. "माझ्या शेतात."

"चोर येऊ नयेत म्हणून, जोआना. मला वाटलं…"

"तुम्हाला वाटलं, मग मला का नाही विचारलंत? बाबांनी तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या होत्या ना? त्यातली एक तरी कठीण होती? खुरात खिळा गेला की मेंढीचं काय होतं माहितेय तुम्हाला? पाय सडतो. मी तुम्हाला लहानपणापासून बघतेय क्लाइव्ह, दुसरा कुणी असता तर पोलिसात दिला असता."

"मी सगळे वेचून देतो."

"वेचाच. एकूण एक. मग टॅमसिनला परत बोलवा, काय दिसतंय ते दिसू दे, दिलेला शब्द मी मोडत नाही. पण त्यानंतर माझ्या फाटकातून आत यायचं नाही. कुठल्याच." तिचा आवाज चिरकला. "मला वाईट वाटतंय, पण नाही."

तो "बरोबर आहे" म्हणाला. बरोबर आहे! मला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

तर अशा रीतीने माझ्या भावाने काळ्या तुकड्यात पहिल्यांदा डिटेक्टर नेला. ज्या कोपऱ्याची स्वप्नं बघितली तिथे, आपलेच खिळे हुडकायला. लोखंडाचा घोगरा आवाज आला की सोडून द्यायचं, हे प्रत्येक डिटेक्टरवाला पहिल्या दिवशी शिकतो. आता त्याला तोच आवाज ऐकायचा होता आणि बाकी सगळे सोडायचे होते. चांगला गोड किणकिणाट झाला तरी वाकायचं नाही, कारण टॅमसिनने बजावलं होतं, वरचे खिळे सोडून कशालाही हात लावायचा नाही. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायचे, बादली धरायला. एकदा त्याने मातीतून चौकोनी अंगाचा, लोहाराने हाताने घडवलेला खिळा काढला. आमच्या वडिलांचे सगळे गोल, कारखान्यातले. त्याने तो तळहातावर धरला, अंगठ्याने पुसला, आणि जिथून निघाला तिथेच खोलवर परत दाबून ठेवला.

"एकच तर आहे, घे की," मी म्हटलं.

"माझा नाही तो."

डिसेंबर गेला, जानेवारीतल्या थंडीने बोटं फुटली. आणि हा घाई करत होता! कामाचा शेवट म्हणजे फाटकाचा शेवट, हे कळत असून. मी म्हणायचे, "अरे हळू जा, कुणी हाकलतंय का? आज विश्रांती घे, उद्या ये." तर म्हणे, "फेब्रुवारी आलाच, मॉरीन. टॅमसिनला वेळ मिळायला हवा." उजेड असेपर्यंत चालायचा, मग फाटक लावायचा, ओढून बघायचा, आणि पुन्हा एकदा ओढून बघायचा. मला त्याचा असा राग यायचा आणि असं भरूनही यायचं, की मी गाडीत जाऊन बसायचे.

टॅमसिन फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात आली. पोरांनी सुतळ्या बांधल्या. या वेळी क्लाइव्ह फाटकाबाहेर, रस्त्यावर उभा राहिला. आत बोलावलं तरी गेला नाही.

चित्र निघालं ते तिने छापून आमच्या स्वयंपाकघरात आणलं, आणि पाठोपाठ जोआनाही आली. बूट दारात काढले, मोज्यांवर आत. टेबलावर कागद पसरला. मला त्यातलं काही कळत नाही, पण आंधळ्यालाही दिसलं असतं. मोठा चौकोन, आत घरं, दारांच्या जागी फटी, ओढ्याकडे उतरणारी वाट. आणि चार-पाच ठिकाणी गडद ठिपके. "चुली," टॅमसिन म्हणाली. क्लाइव्हने चश्मा पुसला, परत घातला, परत पुसला.

"कोपरा सुटला," जोआना म्हणाली. "बटाटेवाल्यांना सांगितलंय. कुंपण घालून गवत लावते. नांगर नाही, काही नाही. मेंढ्या चरतील तेवढ्याच."

टॅमसिनला पुढे जायचं होतं, ती गेली. जोआना बसून राहिली. चहा संपला तरी कप हातात फिरवत होती. मग क्लाइव्हकडे न बघता म्हणाली, "एक विचारायचं होतं. खिळे. सगळे निघाले असं छातीठोक सांगता येईल? नाही म्हणजे, पावसाने जुनं लोखंड वर येतं म्हणतात. एखादा राहिला असला, तर मेंढ्या सोडण्याआधी कुणीतरी यंत्र घेऊन अधूनमधून फिरायला लागेल. दर वर्षी."

आमच्याकडची माणसं झालं गेलं विसरा असं तोंडाने म्हणत नाहीत, जीभ झडेल. ती काम सांगतात. बोललेला शब्द मागे घ्यायचा तर असाच घेतात, आणि समोरच्याने फक्त हो म्हणायचं असतं. मी टेबलाखालून क्लाइव्हच्या नडगीवर लाथ घातली. चांगली जोरात.

क्लाइव्हने विचार केला. मग म्हणाला, "नाही, जोआना. एकही नाही राहिला. आडवं चाललो, उभं चाललो, तिरकं चाललो. शेवटचे दोन दिवस तर काहीच नव्हतं. मेंढ्या खुशाल सोड."

जोआनाने कप टेबलावर ठेवला. "नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. उठली, दारात बूट घातले. "चहा छान होता, मॉरीन." आणि गेली.

मी तोंडाला येईल ते बोलले. मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, आई आज असती तर तिनेही म्हटलं असतं. "अरे, तिने फाटक उघडून दिलं होतं तुला! एक खिळा, एक राहिला असेल म्हणाला असतास! कळलं नाही का तुला ती काय विचारत होती?"

"कळलं," क्लाइव्ह म्हणाला. "न कळायला मी काय दगड आहे?"

"मग?"

"एकदा लपवलं तिच्यापासून. आता तिने सरळ विचारलं." नडगी चोळत तो उठला. "मेंढ्या तिच्या आहेत, मॉरीन. नाहीत खिळे, तर नाहीत."

मग त्याने खुंटीवरून डिटेक्टर काढला आणि टेबलावर ठेवला. फडक्याने दांडा पुसला, चकती पुसली. मागचं झाकण उघडून आतल्या बॅटऱ्या काढल्या, जास्त दिवस राहिल्या तर गळतात म्हणून, आणि यंत्र माळ्यावर नेऊन ठेवलं.